बैठ्या घराची आखणी : आनूप देशातील वैद्याचे काही विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायाचे अध्ययन आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत केलेले आहे. वमन-विरेचनापूर्वी कोणती सामग्री सिद्ध ठेवावी, हा त्या अध्यायाचा विषय. परीक्षेच्या दृष्टीने आपण औषधे, उपकरणे आणि परिचारकांचे गुण पाठ केले. मात्र त्या सामग्रीत सर्वप्रथम येते ते औषध नव्हे, तर घर होय. वास्तुविद्येत कुशल असणाऱ्याने ते बांधावे, असे सांगून आचार्य त्या घराचे गुण मोजतात. ते दृढ असावे, निवात असावे, परंतु त्याच्या एका भागात वारा खेळता असावा, आत सुखाने हिंडता-फिरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा शिरकाव नसावा. जोडीला पाण्याची सोय, उखळ-मुसळ, वर्चस्थान, स्नानभूमी व महानस म्हणजे स्वयंपाकघर असावे. आणि ते ‘अनुपत्यक’ असावे.

या शेवटच्या शब्दावर महाड-पोलादपूरच्या वैद्याने क्षणभर थांबणे भाग आहे. उपत्यका म्हणजे पर्वताच्या पायथ्यालगतची भूमी. मोठ्या इमारतीच्या छायेत नसलेले, असाही त्याचा अर्थ लावला जातो. परंतु मूळ शब्दार्थ डोंगराच्या कुशीचाच आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतील बहुसंख्य वाड्या नेमक्या त्याच कुशीत वसलेल्या आहेत. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे डोंगराचा भाग वाडीवर आला आणि ऐंशीहून अधिक जीव गमावले गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरात, त्या वेळी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. ते पाणी खाली उतरून महाड शहराचे तळमजले बुडाले. त्यानंतर येथे घरे बांधण्याचे, दुरुस्त करण्याचे व स्थलांतरित करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. तळीयेच्या पुनर्वसनाची घरे म्हाडामार्फत उभारण्यात आली. याखेरीज कितीतरी कुटुंबांनी स्वतःच्या बळावर, मुंबईत नोकरीस असलेल्या मुलांच्या पैशांतून, नवी बैठी घरे बांधली व बांधत आहेत. ती बांधण्यापूर्वी कुटुंबप्रमुख गवंड्याचा व वास्तुशास्त्र सांगणाऱ्याचा सल्ला घेतो. वैद्याला मात्र घर बांधून झाल्यावर, दोन पावसाळे त्यात काढल्यावर, सांधे धरले म्हणून विचारले जाते.

वैद्याने स्थापत्यात लुडबुड करू नये, असा आक्षेप येथे येऊ शकतो. तो योग्यच आहे. दृढतेचा विचार अभियंत्याचा आहे, आणि २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुरा भागात पाचमजली इमारत कोसळून सोळा जण मृत्युमुखी पडल्याचे ज्यांनी पाहिले त्यांना हा विषय गवंड्याच्या अंदाजावर सोडता येणार नाही हे वेगळे सांगायला नको. आचार्यांनीही बांधण्याचे काम वास्तुविद्याकुशलाकडेच सोपवले आहे. पण घरात काय हवे व काय नको, हे सांगण्याचा अधिकार त्यांनी वैद्याकडे ठेवला, हेही तितकेच स्पष्ट आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या उपचारात सर्वांत आधी त्याच्या आगाराचा, म्हणजे राहण्याच्या जागेचा विचार केला; सूतिकेसाठी वेगळे आगार सांगितले गेले; रसायनप्रयोगासाठी तर त्रिगर्भा कुटीचे वर्णन आले. आतील तीन कक्ष एकात एक, भिंती जाड, झरोके सूक्ष्म. ही एका बैठ्या वास्तूची आखणीच नव्हे काय?

जागेपासून आरंभ करू. डोंगरउतारावर सपाट जागा काढण्याची आजची रीत म्हणजे यंत्राने मागचा उतार उभा कापणे व ती माती पुढे भरून जोते घेणे. पूर्वी दोन मजुरांना हे काम महिनाभर पुरत असे, त्यामुळे कापणी बेताची राही. आता एका दिवसात दहा फूट उंचीचा कडा घराच्या मागे उभा राहतो. त्याचा पाया काढून घेतलेला असतो, वरून पावसाचे पाणी मुरत असते, आणि घराची पाठ त्याला टेकलेली असते. अशा घरात नेमकी मागची खोली निजण्याची असते, कारण ती ‘आतली’ म्हणून सुरक्षित समजली जाते. ज्यांना दुसरी जागा मिळणे शक्य आहे त्यांनी ती घ्यावी. तहसील कार्यालयात दरडप्रवण गावांची माहिती मिळते, ती आधी पाहावी. ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान उतार उभा कापू नये, वरच्या बाजूस पाणी वळवणारा चर ठेवावा, आणि निजण्याच्या खोल्या डोंगराकडे न ठेवता अंगणाकडे ठेवाव्यात. उताराला भेगा पडणे, झाडे वाकणे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे ही पूर्वरूपे होत. व्याधीच्या पूर्वरूपाकडे दुर्लक्ष करणाऱ्या रुग्णावर आपण रागावतो. येथे तर रूप प्रकट झाल्यानंतर चिकित्सेला अवसरच उरत नाही.

नदीकाठच्या घराचा प्रश्न निराळा. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात वर्षाऋतूसाठी हर्म्याच्या वरच्या भागात, जेथे बाष्प, शीत व तुषार पोहोचत नाहीत अशा ठिकाणी राहण्यास सांगितले आहे. बैठ्या घराला वरचा भाग नसतो, ही त्याची मर्यादा प्रथम मान्य केली पाहिजे. सावित्री, गांधारी व काळ या नद्यांच्या पुराचे पाणी ज्या वस्तीत शिरते तेथे बैठे घर बांधायचेच असेल तर २००५ व २०२१ च्या पाण्याची खूण शेजारच्या जुन्या भिंतीवर किती उंचीवर होती हे विचारून जोते ठरवावे. खूण जोत्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर भक्कम माळा किंवा स्लॅबवर जाणारा जिना अनिवार्य समजावा. तो जिना घरातूनच असावा. बाहेरच्या बाजूचा जिना स्वस्त पडतो, पण रात्री अंगणात छातीइतके पाणी असताना वृद्धाला त्याच्यापर्यंत नेणार कोण? पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात, तेव्हा चिखल काढणाऱ्यांच्या पायांवरील भेगा पाहाव्यात. पाणी व गाळ बाहेर जाण्यासाठी मागच्या दाराकडे उतार ठेवला असेल तर घर धुण्याचे ते दिवस निम्म्यावर येतात.

आता प्रत्यक्ष आखणी. आपला प्रदेश आनूप. पाऊस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक. झड येते ती मुख्यत्वे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून, आणि चैत्र-वैशाखात दुपारचे कडक ऊनही पश्चिमेकडूनच येते. जुन्या कोकणी घराने हे ओळखले होते. ओटी, माजघर, मागची पडवी, या क्रमात सर्वांत कोरडी व सर्वांत समशीतोष्ण जागा म्हणजे माजघर मधोमध राही, आणि झडीचा मार पडवी सोसे. भिंतीवर पागोळ्यांचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून वळचण चांगली हातभर पुढे असे. निवात आणि प्रवातैकदेश हे परस्परविरोधी वाटणारे दोन गुण या क्रमात एकत्र नांदतात. ओटीवर वारा, माजघरात निवांतपणा.

याच्या जागी आज काय येते? मुंबईतील सदनिकेचा नकाशा. दर्शनी हॉल, त्याला लागून किचन, बाजूस दोन बेडरूम, मध्ये अंधारा बोळ. सदनिकेला चहूबाजूंनी दुसऱ्या सदनिकांचे आवरण असते, ती उघड्या माळावर पावसात उभी नसते, ही साधी गोष्ट लक्षात घेतली जात नाही. पश्चिमेची भिंत पडवीविना उघडी पडते, तिच्यावर आतून पोपडे धरतात, आणि त्याच भिंतीला लावून आजीची खाट असते. भाद्रपदात गणपतीला व फाल्गुनात शिमग्याला मुले-नातवंडे येतात तेव्हा हॉल भरतो. उरलेले अकरा महिने त्या घरात दोन वृद्ध माणसे राहतात. घराचा आराखडा वर्षातील पंधरा दिवसांसाठी केलेला असतो. पोलादपूरकडील एका वाडीतून दर श्रावणात तमकश्वासाने त्रस्त होऊन येणाऱ्या एका वृद्धेची खाट अशाच ओल्या भिंतीपासून काढून माजघरात आणावयास मी सांगितले. औषध तेच ठेवले. पुढील वर्षी वेग आले, परंतु रात्री उठून बसण्याचे दिवस पुष्कळ कमी झाले. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. ओल व बुरशीने श्वासाचे वेग वाढतात, हे मात्र आधुनिक वैद्यकासही मान्य आहे.

साधारण नऊशे चौरस फुटांत बसणारा एक आराखडा येथे सुचवतो. अंगण पूर्वेस आहे असे धरू. घराची दक्षिणोत्तर रुंदी बत्तीस फूट, पूर्व-पश्चिम खोली अठ्ठावीस फूट, भिंतींची जाडी वेगळी. दर्शनी बाजूस बावीस फूट लांब व आठ फूट रुंद ओटी. तिच्या मागे मधोमध बारा बाय चौदाचे माजघर आणि त्याच्या उत्तरेस दहा बाय चौदाची वृद्धांची खोली. दक्षिणेच्या पट्ट्यात पूर्वेकडे दहा बाय बाराचे स्वयंपाकघर व त्याच्या मागे दहा बाय दहाची लहान खोली. सर्वांच्या मागे, पश्चिमेस, घराच्या पूर्ण रुंदीची सहा फुटांची पडवी. तिच्या उत्तर टोकाला शौचालय व न्हाणी, दक्षिण टोकाला कोठी. वास्तुशास्त्राचा आग्रह धरणाऱ्यांना यात स्वयंपाकघर आग्नेयेस आलेले आढळेल आणि ते संतुष्ट होतील. ते तेथे आले आहे ते वाऱ्यामुळे. पश्चिमेचा वारा घरातून वाहत येऊन धूर पूर्वेच्या खिडकीने बाहेर नेतो, शिवाय सकाळच्या उन्हाने ओटा व भांडी कोरडी होतात. पण डोंगरातील खोऱ्यांत वारा खोऱ्याची दिशा धरून वळतो. म्हणून रिकाम्या जागेवर पावसाळ्याच्या तोंडाशी थोडे गवत पेटवून धूर कोठे जातो ते आधी पाहावे, आणि आराखडा गरजेप्रमाणे फिरवावा.

माजघराला बाहेरची भिंत नाही, म्हणजे खिडकी नाही. जुन्या माजघराचा हाच दोष होता. तेथील अंधारात कितीएक स्त्रियांचे डोळे व कंबर गेली. छपरात काचेची दोन-तीन कौले बसवावीत आणि ओटीचे दार व पडवीचे दार एका रेषेत ठेवावे, म्हणजे दोन्ही दारे उघडताच वारा आरपार जातो व मिटताच निवात होते. स्लॅब घालणाऱ्यांनी ओटीच्या छपरावरून उजेड घेणारे झरोके सोडावेत. गणपतीची आरास माजघरात केली की ओटी व माजघर मिळून वीस-पंचवीस माणसांची पंगत सहज बसते, आणि वेगळ्या हॉलची गरज उरत नाही.

वृद्धांच्या खोलीला लागून शौचालय का ठेवले, याचे स्पष्टीकरण वैद्याने वैद्यांना देण्याची आवश्यकता नसावी, तरीही या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो. कारण माझ्या मते संपूर्ण आराखड्यात याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे तेरा अधारणीय वेग सांगितले, त्यांत मूत्र व पुरीष आरंभीच येतात. आपल्याकडे शौचालय परसात, घरापासून वीस-तीस पावलांवर बांधण्याची पद्धत पडली. शुचितेच्या कल्पनेतून ती आली व तिला कारणही होते. परंतु आषाढातील रात्री, मुसळधार पावसात, निसरड्या पायवाटेने, विंचू-काट्याच्या भयाने, सत्तरीची स्त्री तेथे जात नाही. ती वेग धरून पहाटेची वाट पाहते. पुढे ती शहाणपणाने सायंकाळनंतर पाणीच पिणे सोडते. मग बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, मलावष्टंभ, अर्श ही मालिका आपल्यासमोर येते आणि आपण गोक्षुरादि गुग्गुळ व त्रिफळा लिहून देतो. प्रश्न विचारावयास हवा तो असा : रात्री किती वेळा उठता, आणि किती वेळा उठावेसे वाटूनही उठत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्व देतात. दुसरा विचारला की बाई सुनेकडे पाहते.

म्हणून शौचालय एकाच छपराखाली असावे, मात्र दार पडवीत उघडावे, म्हणजे दुर्गंधीची शंकाही राहत नाही. खोली, पडवी व शौचालय यांच्या जमिनीत पायरी नसावी. पडवी सहा इंच खाली घेण्याची गवंड्यांना सवय असते. त्याऐवजी पाणी अडवण्यापुरता हलका उतार पुरतो. दार तीन फुटांचे असावे व ते बाहेर उघडावे, कारण आत माणूस पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच देहाने अडते. भिंतीत धरावयास दांडी असावी. पावसाळ्यात चकचकीत लाद्यांना घाम सुटतो आणि त्या तेल सांडल्याप्रमाणे होतात. निदान एवढ्या मार्गावर तरी खरबरीत फरशी घालावी. खुब्याचे हाड मोडून आलेले वृद्ध पुन्हा पूर्ववत चालताना आपण किती पाहिले आहेत? शोषखड्डा मात्र विहिरीपासून साठ फुटांच्या आत नसावा, आणि उतारावर तो विहिरीच्या खालच्या अंगास असावा. खडकाला भेगा असतील तर साठ फूटही अपुरे पडतात.

न्हाणीबाबत या आराखड्यात एक अडचण राहते, ती लपवीत नाही. स्वयंपाकघरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी अजून लाकडावरच तापते. चुलाणे पश्चिमेच्या पडवीत ठेवले तर वारा धूर घरात आणतो. धुराडे छपराच्या वर नेणे व तेवढा वेळ पडवीचे दार मिटणे, हा उपाय अर्धाच आहे. स्वतंत्र छपरीत पाणी तापवल्यास धूर टळतो, पण तापलेली घंगाळे उचलून आणणाऱ्या स्त्रीच्या कटीवर ते काम पडते. सूर्यतापक पावसाळ्यात, जेव्हा गरम पाण्याची सर्वाधिक गरज, तेव्हाच निकामी ठरतो. ज्यांना परवडेल त्यांनी न्हाणीतही गॅसवर पाणी तापवावे. घरातील धूर हे स्त्रियांच्या कासाचे कारण आहे हे आपण जाणतोच.

दक्षिणेकडील लहान खोली नवविवाहितांची, आणि प्रसंगी बाळंतिणीची. प्रसूती आता रुग्णालयात होते व तसेच झाले पाहिजे. पण त्यानंतरचा सव्वा महिना घरातच जातो. या खोलीला पडवीमार्गे न्हाणी जवळ आहे व स्वयंपाकघराला लागून असल्यामुळे ती उबदार राहते. पेज-पाणी देणाऱ्यास फेऱ्या कमी पडतात. एक खिडकी मात्र दक्षिणेस हवीच, तिला रुंद छज्जा असावा. दारे-खिडक्या मिटून, चिंध्या कोंबून, खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही. धूपन शास्त्रोक्त आहे; कोंदलेल्या खोलीत रात्रभर धुमसणारे कोळसे शास्त्रोक्त नाहीत, त्यातील विषारी वायूला वास नसतो आणि अर्भक ओरडूनही सांगत नाही.

सर्पदंश व वृश्चिकदंशाचा संबंधही खोल्यांच्या मांडणीशी आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य महाडचेच; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. दंश झालेल्या रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवणे हे आपले कर्तव्य, याविषयी दुमत नसावे. मात्र दंशापूर्वीचे काम घराचे आहे. सरपणाची रास व उरलेले चिरे निजण्याच्या खोलीच्या भिंतीला लावून रचू नयेत. प्रस्तुत आराखड्यात त्यांची जागा कोठीपलीकडे, दक्षिण टोकाला आहे. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसालाच बहुधा चावते, आणि दंश इतका वेदनारहित असतो की पहाटे पोट दुखते म्हणून रुग्ण उठतो. म्हणून प्रत्येक निजणाऱ्यास खाट पुरेल एवढी जागा आखणीतच धरावी. दहा फुटांची रुंदी त्यासाठीच ठेवली आहे. गणपतीत ओटीवर रांगेने निजणाऱ्यांसाठी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

भिंती जांभ्याच्या की विटांच्या, छप्पर कौलारू की स्लॅबचे, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. त्यात मी पडत नाही. एवढेच सांगतो, की उघड्या पत्र्याखाली निजणाऱ्याचा पित्तप्रकोप शरदात शमवणे कठीण जाते.

बांधकामे येथे दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाआधी उरकतात. सल्ला द्यावयाचा तो पायाचे चर खणण्यापूर्वी, चुन्याची फक्की मारलेली असताना. त्या पांढऱ्या रेषांत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला नेऊन उभे करावे, खाट कोठे येईल ते दाखवावे, आणि तेथून शौचालयापर्यंत काठी घेऊन चालावयास सांगावे. किती पावले पडली, कोठे वळावे लागले, दार कोणत्या हाताला आले, हे मुलाने शेजारी उभे राहून मोजावे. दहापेक्षा अधिक पावले पडली तर रेषा पुसून पुन्हा मारावयास अर्धा तास पुरतो.